कागद धुताना रंग निघून जातो, त्याबद्दल

मार्बलिंगबद्दल (दाट घोळावर रंग तरंगवून त्याची नक्षी कागदावर उतरवणं) एकाने विचारलंय की नक्षी कागदावर छान उतरते, पण धुताना निम्मा रंग वाहून जातो. बहुतेकांनी कॅरागीननच्या (समुद्री शेवाळापासूनच्या पुडीच्या) घोळाला दोष दिलाय. मला तरी चूक तुरटीत दिसते, कारण रंग कागदाला धरून ठेवते ती तुरटीच. एक कप गरम पाण्यात दोन लहान चमचे तुरटीची पूड विरघळवा, गार करून स्पंजाने कागदावर एकसारखी फिरवा. स्पंज जिथे चुकला तिथे पट्ट्याच्या पट्ट्या फिक्या निघतात. तुरटीची बाजू पेन्सिलीने खूण करून ठेवा, वाळल्यावर ओळखू येत नाही! आणि कागद 'आम्लमुक्त' म्हणून घेतला असेल तर त्यात बहुतेकदा असलेली चुनखडी तुरटीला निकामी करते. चुनखडी नसलेला कागद वापरून पाहा.

रंग बुडतात ती तक्रार वेगळी. घोळावर साय धरलेली असते, म्हणून प्रत्येक वेळी थेंब टाकण्याआधी वर्तमानपत्राची पट्टी पृष्ठभागावरून ओढा. तरीही बुडाले तर अ‍ॅक्रिलिकमध्ये थेंबथेंब पाणी घालत दुधाइतकं पातळ करा.

पांढरे गोल ठिपके म्हणजे अडकलेली हवा. कागद एका कोपऱ्यापासून तिरका, न थांबता टेकवा. मध्ये थबकलात की तिथे रेघ उमटते.