गावचं वाचनालय बंद करायला निघालेत, थांबवायचं कसं?

गिरणीवाली (दर्यापूर तालुका):

नमस्कार मंडळी. आमच्या गावात 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी दर्जात सगळ्यात खालचं, सार्वजनिक वाचनालय आहे. गावाचं नाव लिहीत नाही. अध्यक्ष नात्यातलेच आहेत आणि मला इथंच राहायचं आहे.

अध्यक्षांचं एकच पालुपद, "कोणी येतच नाही, उघडं ठेवून काय करता?" आता माझी पिठाची गिरणी वाचनालयाच्या बरोबर समोर. कोण येतं, कोण नाही, हे माझ्याइतकं कोणाला दिसतं? सकाळी म्हातारी मंडळी 'देशोन्नती' आणि 'लोकमत'साठी येतात. पहिल्या पानाकडे कोणी पाहत नाही. आधी कापूस-तुरीचे भाव, मग निधनवार्ता, मग राजकारणावर भांडण. दुपारी बाया दळणाचे डबे माझ्याकडे लावून समोर जाऊन बसतात. एक काकू तर ज्वारी दळून झाली म्हणून हाक मारली की आतूनच ओरडतात, "थांब वो, एवढं पान होऊ दे." त्यांनी वाचलेलं पुस्तक लगेच ओळखू येतं, कोपऱ्याला पिठाचा अंगठा असतो. संध्याकाळी पोलीस भरतीची पोरं-पोरी.

खरी अडचण वेगळी आहे. ग्रंथपाल पोरगा पुण्याला कंपनीत लागला. त्याचं काही चुकलं नाही. 'ड' वर्गाला वर्षाचं अनुदान ३० हजार होतं, ६० टक्के वाढ झाल्यावर ४८ हजार झालं. त्यातलं निम्मं पगारासाठी, म्हणजे महिन्याला दोन हजार. लग्न कोण लावून देईल त्याचं? तो गेल्यापासून कुलूप मनात येईल तेव्हा उघडतं. अनुदानाचा हप्ताही कागदांपायी अडकला म्हणतात. आता कार्यकारिणीचं ठरलंय की मान्यता नको असं जिल्ह्याला लिहून द्यायचं, पुस्तकं शाळेला द्यायची आणि खोली ग्रामपंचायतीला. खोलीत खताचं गोदाम होणार अशी कुजबुज आहे, खरंखोटं त्यांनाच माहीत.

दीडशेच्या वर सह्या करून निवेदन दिलं. ते टेबलाच्या काचेखाली गेलं, वर चहाचा कप. पुढं काय करावं? चार-पाच जण बसून असं वाचनालय मोडू शकतात का?

निवृत्त ग्रंथपाल, अकोला:

ताई, चार-पाच जणांना ते करता येत नाही. पण तुमच्या दीडशे सह्यांनी ते थांबेल असंही नाही. कारण सांगतो.

१९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली शासन मान्यता आणि अनुदान देतं, पण वाचनालय चालवते ती नोंदणीकृत संस्था. बहुतेक वाचनालयांची नोंदणी दुहेरी असते, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली. १८६० च्या कायद्यात संस्था विसर्जित करायची तर त्यासाठीच बोलावलेल्या सर्वसाधारण सभेत किमान तीन-पंचमांश सभासदांची मतं लागतात. मालमत्ताही कोणाला वाटून घेता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेलाच जाते.

आता मेख अशी की वर्गणी भरून पुस्तकं नेणारा वाचक सभासद वेगळा आणि संस्थेचा सभासद वेगळा. मत संस्थेच्या सभासदालाच असतं. पुष्कळ गावांत संस्थेचे सभासद म्हणजे स्थापनेच्या वेळची अकरा-पंधरा नावं, त्यातली निम्मी फोटोत हार घालून. विश्वस्त संस्थांची नोंद ठेवणाऱ्या धर्मादाय कार्यालयातून संस्थेच्या घटनेची, म्हणजे नियमावलीची, आणि परिशिष्ट एकची, म्हणजे विश्वस्तांच्या नोंदीच्या उताऱ्याची, नक्कल काढा. सभासद कसं व्हायचं ते घटनेत असतंच. कागदावर विश्वस्त कोण आहेत तेही कळेल. नवे विश्वस्त आले आणि त्या बदलाची नोंद करून घेण्याचा अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, दाखलच केला नाही, असं सर्रास सापडतं. तसं असेल तर "कार्यकारिणीनं ठरवलं" यातली कार्यकारिणी कोणती, हाच पहिला प्रश्न.

मान्यता स्वतःहून सोडू देऊ नका. २०१२ ला महसूल खात्यानं राज्यभर पडताळणी केली, कागदावरची वाचनालयं उघडी पडली. त्यानंतर नव्या मान्यता वर्षानुवर्षं बंद होत्या. हातचं सोडून पुन्हा रांगेत उभं राहायचं कशाला? पुस्तकंही पोत्यात भरून शाळेत टाकता येत नाहीत. दाखल नोंदवहीत प्रत्येकाला नंबर आहे, कमी करायची तर निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून रीतसर वजा करणं, करावं लागतं. ग्रंथालयांना पुस्तकं देणाऱ्या केंद्राच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानची पुस्तकं असतील तर त्यांवर तसा शिक्का असेल, तो बघून घ्या.

खारपाणपट्ट्यातला कास्तकार:

बाई, तुमचं सारं खरं, पण सह्या करनाऱ्या दीडशेपैकी वर्गणी कितीक भरते? राग नका मानू. आमच्या गावात बी असंच झालतं. लोकाइनं ग्रामपंचायतीसमोर धरनं धरलं, पोट्ट्याइनं मोबाइलवर फोटो टाकले, कुलूप उघडलं. मंग काय? दोन महिन्यानं उघडनाराच कोनी नाही. कपाटाले उधई लागली, खालचा खन पुरा खाल्ला. आता वाचनालय हाये, पुस्तकं हायेत, वाचनं सोडून सारं हाये. तुम्ही आधी किल्ली कोनाच्या हाती राहीन ते ठरवा. गोदामाचं मनाल तर मासिक सभेचा ठराव माहिती अधिकारात मांगा, कुजबुजीवर भांडू नका.

भरतीवाली, अंजनगाव:

ताई, आमच्याकडे सकाळी आम्ही मुली उघडतो, रात्री मुलं बंद करतात. फक्त एक आधीच सांगून ठेवते. अभ्यासाची पोरं शिरली की जागा सगळी आमचीच होते आणि कादंबरीवाल्या काकूंना बसायला खुर्ची उरत नाही. आमच्याकडे म्हातारे यायचे बंदच झाले. आमची बडबड नको, त्यांचं खोकणं नको, असं झालं. वेळा वाटून घ्या.

गिरणीवाली:

अकोल्याचे काका, आभार. सासऱ्यांना विचारलं तर ते संस्थेचे सभासद निघाले! स्थापनेला अकरा रुपये दिले होते म्हणे, नंतर विसरले. आणखी तिघं हयात आहेत, त्यांना सभेची नोटीस आलेली नाही. सोमवारी त्यांना घेऊन अमरावतीला नकलेचा अर्ज द्यायला जाते.

कास्तकार भाऊ, राग नाही आला. वर्गणीचं पुस्तक मागितलं, माझीच दोन वर्षांची थकलेली आहे. किल्लीचं म्हणाल तर गिरणी सकाळी सातला उघडते, किल्ली माझ्याकडे ठेवायला माझी ना नाही. पण तोंडी नको, तसा ठराव लिहून द्या म्हटलं. त्यावर अध्यक्ष अजून काही बोललेले नाहीत. त्यांचं दळण मात्र काल दुसऱ्या गिरणीवर गेलं.