काइंड ऑफ ब्लू : तबकडी चढी का वाजते?

‘काइंड ऑफ ब्लू’ची जुनी तबकडी सीडीपेक्षा किंचित चढी वाटते, हा कानाचा भास का, असा प्रश्न आहे. भास नाही! अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या या अल्बमचं ध्वनिमुद्रण १९५९मध्ये २ मार्च आणि २२ एप्रिलला न्यूयॉर्कच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत झालं. २ मार्चला मुख्य टेपयंत्र थोडं संथ चाललं, म्हणून नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना चढ्या सुरात येतात. शेजारच्या राखीव यंत्राचा वेग मात्र बरोबर होता. त्या टेपवरून चूक सुधारली थेट १९९२मध्ये. तेहतीस वर्षं तबकडीबरोबर रियाज करणाऱ्यांनी किती वेळा आपल्याच वाद्याला दोष दिला असेल, याचं फार वाईट वाटतं. दुसरी बाजू निर्दोष आहे. पहिली बाजू जुन्या तबकडीवर आणि सुधारलेल्या सीडीवर लागोपाठ ऐकून पाहा.