समुद्राला सीआरझेड, मग तापी-गिरणेच्या काठाला काय?

तापीथडी: खान्देशाला समुद्र नाही, म्हणून सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे नियम, हा विषय आपण कोकणावर सोडून देतो. 2019 च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर दाट वस्ती असेल तर भरतीरेषेपासून 50 मीटर, विरळ असेल तर 200 मीटर बांधकामबंदी आहे. आपल्याकडे पूररेषा आहेत: 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्याच्या आत बांधकाम नाही, हा नियम. प्रत्यक्षात आधी भिंत, भिंतीमागे भराव, भरावावर गाळे. नव्या संरक्षक भिंतींना मंजुरी बंद करा, एवढंच म्हणणं आहे.

साइटवाला: गावठाणच काठावर असेल तिथं काय कराल, भाऊ? भिंत पडते ती पायथ्यामुळे. पूर तळ खरवडतो, पाया उघडा पडतो आणि सगळी भिंत नदीकडे कलंडते. पायथ्यापुढे दगडांचा सैल थर हवा, रुंदी खरवडीच्या अंदाजित खोलीच्या दीडपट. तळ खचला की तो थर आपोआप खाली घरंगळून बसतो. गॅबियनमध्ये, म्हणजे तारेच्या जाळीच्या पेटीत, 150 ते 250 मिमी दगड भरा, मागे जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी सोडून माती अडवणारं कापड, लावा. ठेकेदार जाळीतून निसटणारी खडी भरतो आणि कापड वाचवतो. मग मागची माती धुऊन जाते, पेटी पोकळ होते आणि दोष भिंतीला.

काळी कसदार: आणि काळ्या मातीचं काय? काठ ढासळतो तो बऱ्याचदा पूर ओसरताना. चढलेल्या पाण्याने माती भिजून जड होते, समोरचा पाण्याचा दाब अचानक जातो आणि अख्खी दरड सरकते. तापीवरच्या हतनूर धरणाचे 41 दरवाजे एकदम बंद झाले तर खाली हेच होणार. भिंतीला दर दीड मीटरवर 75-100 मिमीची निचऱ्याची भोकं नसतील, तर आत अडकलेलं पाणीच तिला ढकलतं.

तापीथडी: साइटवाले, भिंत संपते तिथलं सांगा की. प्रवाह टोकाला वळसा घेतो आणि शेजाऱ्याचं शेत कापतो. मग तोही भिंत मागतो. समुद्राच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांचं दुखणं तेच.

साइटवाला: म्हणून टोक काठात आत वळवून मुरवायचं असतं. अंदाजपत्रकात हेच पहिलं कापलं जातं, ते मान्य.

गिरणाथडी: तुम्ही दोघं काठ बघताय, अन् मूळ दुखणं पात्रात आहे. नियमाने वाळूउपसा जास्तीत जास्त 3 मीटर खोल किंवा भूजल पातळीपर्यंत, यातलं जे कमी ते, अन् पावसाळ्यात बंद. गिरणेत वाळूचा खोल खड्डा पडला की त्याची वरची कड दर पुरात मागे सरकत जाते. तळ खाली गेला की काठाचा उतार उभा होतो, पुलाचे पाये उघडे पडतात, विहिरी आटतात. तिकडे गुजरातेत उकाई धरण 1972 पासून तापीचा गाळ अडवतंय, समुद्राकडे जाणारा गाळ घटलाय. वाळू मोजल्याशिवाय भिंत की मोकळी पट्टी हा वाद फुकाचा आहे, भो.

केळीवाला: निळी रेषा लोकांच्या सातबाऱ्यातून जाते. पट्टी मोकळी सोडा म्हणता, मोबदला कोण देणार?

काळी कसदार: शेतीला बंदी नाही, बांधकामाला आहे. पण कडेच्या दहा मीटरमध्ये केळी नको. तिची मुळं वरच्या दोन फुटांतच असतात आणि ठिबकचं पाणी काठात मुरून तो आणखी जड होतो. तिथं निर्गुडी, करंज, काटेरी बांबू. उतारावर वाळ्याच्या आडव्या ओळी, रोपांत 10-15 सेंमी अंतर.

केळीवाला: वाळा बाजारात कोण घेतो? त्या दहा मीटरचं भाडं द्या, लावतो.

तापीथडी: भाडं द्यावंच. आधी रेषा जमिनीवर दिसू द्या, दर 100 मीटरला दगड रोवा.

साइटवाला: रातोरात उपटतील.

गिरणाथडी: दगडाचे को-ऑर्डिनेट सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात चढवा. मग बसा उपटत.