मदत हवी आहे: आभासी (कागदावर न उमटणाऱ्या) प्रतिमेचा फोटो कसा काय निघतो?

मुलीला भिंगं समजावता समजावता मीच अडकलोय.

काल रात्री दिवे घालवून बसलो. १० सेंमी नाभीय अंतराचं (म्हणजे समांतर किरण भिंगापासून १० सेंमीवर जमवणारं) बहिर्गोल भिंग, मेणबत्ती, पांढरा कागद. मेणबत्ती भिंगापासून ३० सेंमीवर ठेवली, तर पलीकडे १५ सेंमीवर कागदावर ज्योत स्वच्छ उमटली, उलटी आणि निम्म्या उंचीची. २० वर ठेवली तर पलीकडेही २० वरच, उंची तेवढीच. मध्येच मुलीने अर्धं भिंग पुठ्ठ्याने झाकलं. मला वाटलं, अर्धी ज्योत गेली! कसलं काय, ज्योत अख्खी, फक्त मंद. हे निदान उमगलं: प्रत्येक बिंदूचे किरण सबंध भिंगातून जातात, निम्मे अडले तरी उरलेले त्याच जागी जमतात.

घोडं अडलं अंतर्गोलापाशी. नाभीय अंतर तेच, १०. मेणबत्ती ३० वर, भिंगाच्या सूत्राने उत्तर येतं उणे ७.५, म्हणजे प्रतिमा ज्योतीच्याच बाजूला. तिथे कागद धरला तर भिंगाकडे येणारा उजेडच अडला. पण भिंगातून डोकावलं की इवलीशी सुलटी ज्योत दिसते, आणि मोबाइलने फोटोही निघाला! तिथे काहीच नसेल तर फोटो कशाचा? 'पुस्तकात तसंच दिलंय' हे मुलगी ऐकून घेत नाही.

प्रतिसाद १:
मुलीचं बरोबर आहे, ऐकूही नये. अंतर्गोलातून किरण फाकून बाहेर पडतात, जणू त्या ७.५ सेंमीवरच्या जागेतूनच निघालेत. तिथे ते जमलेले नसतात, म्हणून कागदावर काही मिळत नाही. पण डोळ्याचं भिंग बहिर्गोल. ते हे फाकलेले किरण गोळा करून दृष्टिपटलावर वास्तव (किरण खरोखर जमून उमटणारी) प्रतिमा पाडतं. मोबाइलचं भिंगही तेच करतं.
करून बघा: अंतर्गोलाच्या मागे १२.५ सेंमीवर तुमचं बहिर्गोल धरा. आभासी ज्योत त्याच्यापासून २० सेंमीवर पडते, तेव्हा कागद त्याच्या पलीकडे २० वर. दोन्ही भिंगं चिकटवू मात्र नका, त्यांची शक्ती +१० आणि −१० डायॉप्टर (भिंगाच्या शक्तीचं एकक), बेरीज शून्य!

धागाकर्ता:
मिळाली! पाव उंचीची, फिकट, उलटी. आता मुलगी विचारतेय, मग डोळ्यातही उलटीच पडत असणार, दिसते सुलटी कशी? मी चहा करायला उठलोय, कुणीतरी सांगा.