११ वर्षांची गाडी: कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्यावी की बाहेरच्या गॅरेजला?

निळी हॅचबॅक (प्रश्न)

गाडी ११ वर्षांची आहे. पेट्रोल, १.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, मॅन्युअल गिअर, मीटरवर १,१८,००० किमी. वॉरंटी केव्हाच संपली, तरी सर्व्हिसिंग आजवर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच होत आलंय. या वेळच्या एस्टिमेटमध्ये ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टरशिवाय इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, पुढचे दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे) आणि अलाइनमेंट एवढं लिहून आलंय.

तक्रारी तीन आहेत. खड्ड्यात पुढे डावीकडून 'खट' असा आवाज येतो. एसी लावला की आयडलिंग (पेडल न दाबता उभ्या गाडीत इंजिनाचं फिरणं) खालीवर होतं. आणि एसी पूर्वीसारखा गार करत नाही.

टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवणारा पट्टा) बदलल्याची नोंद जुन्या बिलांत सापडत नाही. बाहेरच्या गॅरेजचा मिस्त्री म्हणतो, अख्खे लोअर आर्म कशाला, नुसते बुश (आर्मच्या सांध्यातले रबरी तुकडे) टाकू. कोणतं काम कुठे द्यावं?

चौदाचा पाना

आधी टायमिंग बेल्ट, बाकी सगळं मागाहून.

तुमच्या इंजिनाला बेल्ट आहे की चेन, हे मॅन्युअलमध्ये बघा. बाहेरूनही बहुतेक वेळा ओळखू येतं: कोरड्या बेल्टवर प्लास्टिकचं झाकण असतं, चेनवर धातूचं आणि सीलबंद, कारण चेन ऑइलमध्ये चालते. रबरी बेल्टचं आयुष्य इंजिनागणिक वेगळं असतं, पण साधारण ६०,००० ते १,००,००० किमी किंवा ५ ते ७ वर्षं, यातलं जे आधी भरेल ते. नोंद नाही म्हणजे बदललेला नाही, असंच धरून चाला. बऱ्याच इंजिनांत पिस्टन वर येतो तिथेच थोड्या वेळापूर्वी व्हॉल्व्ह उघडलेला असतो. बेल्ट तुटला की कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जागच्या जागी थांबतो, क्रँक (पिस्टनला जोडलेला दांडा) मात्र फिरत राहतो, आणि उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. मग हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवण्यावाचून इलाज नाही.

हे काम चांगलं बाहेरचं गॅरेज नीट करू शकतं. बेल्टसोबत टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणून आणि वळवून धरणाऱ्या पुल्या) नवे घ्या. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही, आणि कॅम-क्रँकचे ऑइल सील पाझरत असतील तर तेही. खोलायची मेहनत तीच असते. सहा महिन्यांनी पंप गळायला लागला तर तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागेल, शिवाय कूलंट लागून नवा बेल्ट खराब होईल तो वेगळाच. बेल्ट बसवल्यावर मिस्त्रीने क्रँकला पाना लावून हाताने पूर्ण दोन फेरे द्यायला हवेत आणि खुणा पुन्हा जुळतात का ते पाहायला हवं. दोन फेरे अशासाठी की क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक होतो. एखादा दात चुकला असेल तर खुणा हुकलेल्या दिसतात, आणि व्हॉल्व्ह अडत असेल तर ते हाताला कळतं. थेट सेल्फ मारून बघणाऱ्याच्या हाती हे काम देऊ नका.

आता एस्टिमेट.

इंजिन फ्लश काढून टाका. ऑइल वेळेवर बदललेल्या इंजिनाला त्याची गरज नसते. आणि आत खरोखर गाळ साठला असेल तर फ्लश तो एकदम सोडवतो आणि चेंबरमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातल्या) ऑइल पंपाच्या जाळीवर नेऊन अडकवतो. ऑइलची कॅप काढून आत टॉर्च मारा. हलका तपकिरी रंग चालेल. काळा, जाड, खरवडून निघणारा थर दिसला तर पुढची दोन ऑइलं ३,००० ते ४,००० किमीवर बदला, दर वेळी नवा फिल्टर घाला. गाळ हळूहळू निघतो.

एसी डिसइन्फेक्शनऐवजी केबिन फिल्टर बदला. ग्लव्ह बॉक्समागे असेल तर घरीच १० मिनिटांत होतो.

इंजेक्टर क्लीनिंग आज नको. आधी निदान, मग साफसफाई.

आणि एस्टिमेटमध्ये जे नाही तेही बघा. ब्रेक ऑइल दर २ वर्षांनी बदलायचं असतं, कारण ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नव्यात किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तोच १५५ च्या आसपास येतो. लांब घाटात उतरताना ऑइल उकळलं तर वाफ दबते आणि पेडल खाली जातं. कूलंट, गिअर ऑइल आणि स्पार्क प्लग शेवटचे कधी बदलले तेही जुन्या बिलांत शोधा. गिअर ऑइलला मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलं असेल तर 'त्याच्यापेक्षा भारी' म्हणून जीएल-५ घालू देऊ नका. त्यातली गंधकयुक्त द्रव्यं गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगांना बाधू शकतात.

तापमानाचा काटा

वरचं सगळं मान्य. फक्त 'चांगलं बाहेरचं गॅरेज' हे ओळखायचं कसं, तिथे खरी मेख आहे. जुन्या गाड्यांचा घात बहुतेक वेळा जुगाडाने होतो, आणि सगळ्यात जास्त जुगाड कूलिंगमध्ये होतात.

पहिला जुगाड म्हणजे थर्मोस्टॅट (कूलंट गरम झाल्यावरच त्याला रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकणे. गाडी तापते म्हटलं की मिस्त्री तो काढतो, काटा खाली येतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडायला लागतो, ते उगाच नाही. तो नसेल तर इंजिन नीट गरमच होत नाही. ईसीयूला (इंजिनाच्या कंप्युटरला) वाटतं इंजिन अजून थंड आहे, म्हणून तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. अ‍ॅव्हरेज पडतं, पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये मुरते, त्याचा गाळ होतो. आणि गाडी मुळात का तापत होती, हे तसंच झाकलेलं राहतं: रेडिएटरचा पंखा उशिरा लागतो, कॅप दाब धरत नाही, की रेडिएटर आतून बुजलाय.

दुसरा जुगाड साध्या पाण्याचा. नळाच्या पाण्याने आत क्षार धरतात, गंज चढतो, पंपाचं सील जातं. कूलंट डिस्टिल्ड पाण्यात ५०-५० मिसळायचं किंवा तयार मिसळलेलं घ्यायचं, तेही मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रकाराचं. रंग पाहून ठरवू नका, रंगाला कसलंही प्रमाण नाही. जुना सिलिकेटवाला आणि नवा सेंद्रिय आम्लाचा असे दोन प्रकार एकत्र आले तर काही वेळा जेलीसारखा चिखल होतो. प्रकार बदलायचाच असेल तर सगळं पाणी काढून दोनदा डिस्टिल्डने धुवा.

म्हणून गॅरेज बघायला गेलात की विचारा, 'थर्मोस्टॅट खराब निघाला तर काय करता?' उत्तरातच माणूस कळतो. दुसरं, चेंबरचा नट कशाने आवळतात ते बघा. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर हवेच्या गनने किंवा लांब पान्याने आटे जातात. वॉशर दर वेळी नवा आणि टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळता येणारा), एवढंच पुरतं. चाकाचे नटही गनने फक्त जवळ आणायचे, शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने. छोट्या गाड्यांत तो आकडा साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, नेमका मॅन्युअलमध्ये.

निळी हॅचबॅक

खूप उपयोगी, आभार. झाकण प्लास्टिकचं आहे, म्हणजे बेल्टच. ऑइलच्या कॅपखाली हलका तपकिरी रंग दिसला. मग सर्व्हिस सेंटरला काहीच द्यायचं नाही का? आणि आयडलिंगचं निदान कोण करेल? बाहेरचा मिस्त्री म्हणतो, त्याच्याकडेही स्कॅनर आहे.

पी झिरो

सर्व्हिस सेंटर पूर्ण सोडू नका. काही कामं तिथेच नीट होतात.

सगळ्यात आधी रिकॉल, म्हणजे सदोष भाग बदलायला कंपनीने गाड्या परत बोलावणं. चासी नंबर, तो १७ अक्षरी, कंपनीच्या संकेतस्थळावर टाका किंवा सर्व्हिस सेंटरला तपासायला सांगा. सुरक्षेच्या रिकॉलचं काम सहसा फुकट होतं आणि वॉरंटी संपल्याचा त्याच्याशी संबंध नसतो. ताकाता एअरबॅगच्या इन्फ्लेटरचं प्रकरण आठवा: आतलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतं आणि एअरबॅग फुगताना धातूचे तुकडे उडतात. गाडी जितकी जुनी तितका धोका जास्त. बाहेरचं गॅरेज हे कधी तपासत नाही.

तिथे द्यायच्या इतर गोष्टी म्हणजे इमोबिलायझरची नवी चावी, ईसीयूचं सॉफ्टवेअर आणि एअरबॅगच्या दिव्याचं काम. डिझेलवाल्यांसाठी आणखी एक: कॉमन रेल इंजिनाचा इंजेक्टर बदलला की पुष्कळ गाड्यांत त्याच्यावरचा कोड ईसीयूत भरावा लागतो. तो न भरता गाडी सुरू होते, पण आयडलिंग खडबडतं आणि धूर येतो.

आता स्कॅनर. स्वस्त स्कॅनर पी झिरोने सुरू होणारे सर्वसाधारण कोड वाचतो. कंपनीचे स्वतःचे कोड, एबीएस आणि एअरबॅग त्याला बहुधा दिसत नाहीत. पण तुमच्या आयडलिंगसाठी कोडपेक्षा लाइव्ह डेटा (इंजिन चालू असतानाचे आकडे) महत्त्वाचा आहे. मिस्त्रीला तो बघता येतो का, एवढंच विचारा. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा) अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत हवा. आयडलला तो +२० आणि २,५०० आरपीएमला जवळजवळ शून्यावर येत असेल तर कुठूनतरी न मोजलेली हवा आत येतेय. फाटलेला व्हॅक्यूम पाइप किंवा इनटेकचं गॅस्केट शोधा. दोन्हीकडे सारखाच जास्त असेल तर इंधन कमी पडतंय, तेव्हा पंप, फिल्टर आणि इंजेक्टरकडे वळा. ट्रिम ठीक असेल आणि एसीचा कॉम्प्रेसर लागतानाच आरपीएम पडत असतील, तर थ्रॉटलच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या) पट्टीच्या कडेला काजळी असण्याची शक्यता मोठी. म्हणजे एस्टिमेटमधलं थ्रॉटल क्लीनिंग तुमच्या बाबतीत कदाचित रास्तच आहे. मात्र इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल साफ केल्यावर पुष्कळ गाड्यांत आयडल पुन्हा शिकवावं लागतं. नाहीतर साफ केल्यावर आरपीएम उलट १,२०० वर जाऊन बसतात आणि लोक म्हणतात, मिस्त्रीने बिघडवलं.

एसीचं थोडक्यात: गॅस 'संपत' नसतो, गळतो. नुसता भरून देणारा नको. आधी गळती शोधायची, ती बंद करायची, मग किमान ३० मिनिटं व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढणं), आणि मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले ग्रॅम काट्यावर मोजून भरायचे. गेजचा दाब पाहून अंदाजाने भरलेला गॅस बहुधा कमी किंवा जास्त होतो, आणि दोन्हीत थंडावा कमीच मिळतो.

रबर आणि लोखंड

लोअर आर्मबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून.

दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. सर्व्हिस सेंटर अख्खा आर्म बदलतं, कारण त्यांना असेंब्लीच येते आणि बुश दाबून बसवायला वेळ जातो. बॉल जॉइंट (आर्मला चाकाशी जोडणारा गोल सांधा) आर्मला रिव्हेट केलेला असेल आणि त्यातही खेळ आला असेल तर अख्खा आर्मच बरा. बॉल जॉइंट घट्ट असेल, आर्म वाकलेला किंवा गंजून पातळ झालेला नसेल, तर बुश पुरतात.

पण त्याआधी 'खट' खरोखर आर्मचा आहे का, ते बघा. छोट्या खड्ड्यांत कमी वेगाने येणारा कोरडा आवाज बऱ्याचदा स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी कमी कलू देणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडचा असतो, आणि तो सगळ्यात सोपा पार्ट आहे. गाडी जमिनीवर उभी असताना लिंक रॉड हाताने धरून हलवा, दुसऱ्याला बंपर दाबायला सांगा. टकटक हाताला लागली तर तोच. नाही लागली तर गाडी स्टँडवर घ्या, आर्मच्या मागच्या मोठ्या बुशजवळ पहार घालून अलगद उचकटा. रबरात पृष्ठभागावरच्या बारीक भेगा चालतात. लोखंडी नळीपासून रबर सुटलेलं दिसलं तर बुश गेला. शेवटी स्ट्रटचं (शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि स्प्रिंगच्या जोडाचं) वरचं माउंटिंग: उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंगवर हात ठेवा, झटका जाणवला तर दोष तिथे.

बुश टाकायचे ठरलं तर मिस्त्रीला एक गोष्ट आधीच सांगा. बुश प्रेसवर बसवायचे, हातोड्याने ठोकायचे नाहीत, आणि मागच्या बुशला दिशेची खूण असेल तर ती जुळवायची. आणि आर्मचे बोल्ट गाडी हवेत लटकत असताना फक्त हलके लावायचे. शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन सस्पेन्शनवर आल्यावर. कारण त्या बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. आर्म खाली लोंबत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली आल्याबरोबर रबर पिळलं जातं आणि उभ्या गाडीतही कायम पिळलेलंच राहतं. असे बुश काही महिन्यांत फाटतात, आणि मग दोष पार्टला दिला जातो. अलाइनमेंट या सगळ्यानंतरच करा, आधी केलेली वाया जाईल.

निळी हॅचबॅक

लिंक रॉड हलवून पाहिला. डावीकडचा टकटकतोय, बूट फाटलाय. उजवीकडचा घट्ट वाटतो. दोन्ही बदलू?

रबर आणि लोखंड

दोन्ही बदला. उजवाही तितकेच किलोमीटर चाललाय. नट गंजला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. खोलताना मधली पिन गोल फिरू लागते, तेव्हा तिच्या टोकाची षट्कोनी खोबण अ‍ॅलन कीने धरून नट फिरवायचा. काही गाड्यांत ती मागून पातळ पान्याने धरावी लागते. मग गाडी चालवून बघा. आवाज गेला तर आर्मला या सर्व्हिसमध्ये हात लावायचं कारण नाही, फक्त बुश एकदा पहारीने तपासून घ्या.

चौदाचा पाना

आणि एस्टिमेटवरची लोअर आर्मची ओळ खोडल्यावर नवं एस्टिमेट लेखी घ्या. पार्ट नंबर आणि ऑइलचा ग्रेड त्यावर असू दे. बेल्टच्या कामाचे जुने पार्ट नव्या पार्टच्या खोक्यांत घालून परत मागा. जुन्या बेल्टवरचा नंबर नव्याशी ताडून बघा, आणि बदलल्याची तारीख व किलोमीटर मार्करने झाकणावर लिहून घ्या.