लक्ष्मी रोडवर गाड्यांचा लिलाव? टाळ्या जरा थांबवा

मोरपीस
'सुंदर लक्ष्मी रोड' नावाची एक पोस्ट दोन दिवस सगळीकडे फिरतेय. वाचून डोकं फिरलं, म्हणून हा धागा. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : पुण्याचा लक्ष्मी रोड कायमचा वाहनमुक्त करा, सगळे पथारीवाले उचला, त्यांच्या जागी पालिकेने एका मापाच्या, एका रंगाच्या, माल विकायच्या शंभर गाड्या मांडाव्यात आणि त्यांचा दरवर्षी ई-लिलाव करावा. जो जास्त बोली लावेल त्याची जागा. 'पारदर्शकता येईल, महसूल येईल, शिस्त येईल.' खाली टाळ्याच टाळ्या.

वाहनमुक्तीला माझा विरोध नाही. 2021 पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन होतो, त्या दिवशी मी आवर्जून जाते. रस्त्याच्या मधून निवांत चालत जाता येतं, हे सुख वर्षातून एकदाच का, हा प्रश्न मलाही पडतो. माझं भांडण लिलावाशी आहे.

लिलावात जिंकणार कोण? टिकल्या, पिना, रबरबँड विकणारी बाई? ती तर बयाण्यातच गारद. जिंकणार तो, ज्याच्या आधीच चार पेठांत वीस गाड्या आहेत आणि ज्याने त्यावर रोजंदारीची पोरं उभी केली आहेत. न्यूयॉर्कने 1983 मध्ये खाण्याच्या गाड्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली. परवाना पालिकेकडे दोनशे डॉलरला, पण तो मिळेचना. मग ज्यांच्याकडे होता ते घरी बसून भाडं खायला लागले आणि गाडीवर राबणारा माणूस त्यासाठी हजारो डॉलर मोजत राहिला. शेवटी 2021 मध्ये नवा कायदा करावा लागला : नव्या परवान्याचा धारक स्वतः गाडीवर हजर पाहिजे. आपण तिथूनच सुरुवात करायची सोडून लिलाव कसले मांडतोय?

आणि त्या पोस्टमधल्या चित्रात गाड्या जमिनीत रुतवलेल्या आहेत. चाकं नाहीत! अनंत चतुर्दशीला मानाचे पाचही गणपती याच रस्त्याने अलका चौकाकडे जातात. त्या दिवशी ते शंभर खोके कुठे नेणार, नदीपात्रात?

दुकानदाराचा धाकटा
आमचं लक्ष्मी रोडवर साड्यांचं दुकान. आजोबांनी सुरू केलेलं. त्यामुळे ताई, तुमचं सुख वर्षातून एक दिवसाचं, आमचं दुःख रोजचं. मिळकतकर भरायचा, जीएसटी भरायचा, पंधरा माणसांचे पगार द्यायचे, शोकेसला लाख रुपये घालायचे आणि सकाळी अकरा वाजता त्याच शोकेससमोर कोणीतरी दोरी बांधून 'कोई भी उठाओ दोसो' सुरू करणार. हटकलं की गरिबांच्या पोटावर पाय.

न्यूयॉर्कचं उदाहरण तर तुमच्यावरच उलटतं. तिथे लिलाव नव्हता म्हणून ते हजारो डॉलर दलालाच्या खिशात गेले. लिलाव असता तर पालिकेच्या तिजोरीत गेले असते. जागेला भाव आहेच. तो कोणाला मिळणार, एवढाच प्रश्न.

मोरपीस
मुद्दा चांगला आहे, कबूल. पण पैसा दलालाकडे गेला काय नि पालिकेकडे गेला काय, गाडीवरच्या माणसाला तो द्यावाच लागला. माझी तक्रार तीच आहे.

बाकी शोकेसबद्दल. तुमच्या रांगेतली दुकानं फुटपाथवर पुतळे मांडतात, त्यांना साड्या नेसवतात, पायरी आणखी दोन फूट पुढे ओढतात. ते अतिक्रमण नव्हे, ती सजावट! आणि माझ्या ओळखीची एक बाई एका दुकानासमोर बसते. अतिक्रमणवाल्यांची पावती वेगळी आणि त्या दुकानाच्या मालकाला 'समोर बसू देण्याचे' रोजचे वेगळे. दुकानाचं नाव घेत नाही. घेतलं तर तिची जागा जाईल.

बुधवारातला बोका
तुम्हा दोघांच्या भांडणात राहणारा माणूस कुठे आहे? आम्ही इथे राहतो हो. लक्ष्मी रोड बंद केला की सगळी वाहतूक कुमठेकर रस्त्यावर आणि आमच्या बोळात. पादचारी दिनी आमच्या दारात दुचाक्यांची अशी रांग लागते की आजीला दवाखान्यात न्यायला रिक्षा आत येत नाही. पार्किंगचं बघा आधी, मग गाड्यांचे रंग ठरवा.

(आणि हो, पुतळ्यांबद्दल शंभर टक्के सहमत. परवा अंधारात एकीला 'जरा सरकता का' म्हणालो.)

वकीलीणबाई
लिलाव चांगला की वाईट हे नंतर, आधी तो करता येतो का ते बघू. 2014 चा पथविक्रेता कायदा कोणी उघडणार आहे का? विक्री प्रमाणपत्र कोणाला? ज्याला दुसरं उपजीविकेचं साधन नाही आणि जो स्वतः किंवा घरच्या माणसांमार्फत विक्री करेल, त्याला. ते भाड्याने देता येत नाही, कोणाच्या नावावर करता येत नाही. विक्रेता वारला, आजारी पडला किंवा कायमचा अपंग झाला, तरच जोडीदाराला किंवा अवलंबून असलेल्या मुलाला. लिलावात वीस गाड्या घेणारा यात बसतच नाही.

दुसरं, जागा ठरवायच्या त्या शहराच्या फेरीवाला समितीच्या सल्ल्याने. समितीत किमान 40 टक्के पथविक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी आणि त्यांत एक तृतीयांश बायका. सर्वेक्षण पाच वर्षांतून एकदा तरी. सर्वेक्षण पुरं होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कोणाला उठवता येत नाही. तिसरं, जिथे पन्नास वर्षांहून जास्त काळ बाजार भरतोय तो वारसा बाजार धरायचा, तिथले विक्रेते हलवायचे नाहीत. तुळशीबागेच्या तोंडाशी जाऊन कोणत्याही आजीला विचारा, किती वर्षं झाली.

दुकानदाराचा धाकटा
कायदा पाठ आहे, छान. त्याच कायद्यात लिहिलंय की विक्रेत्यांची संख्या त्या भागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंतच. आणि ज्याला प्रमाणपत्रच नाही त्याचं काय? अतिक्रमणाचं पथक येतं, पाच मिनिटांत रस्ता रिकामा होतो, पथक जातं, सात मिनिटांत पुन्हा भरतो. मुंबईत फेरीवाल्यांच्या प्रतिनिधींची निवडणूक कधी झाली? ऑगस्ट 2024. कायदा 2014 चा. दहा वर्षं! तुमची समिती बसेपर्यंत माझा मुलगा दुकान विकून पुण्याबाहेर गेलेला असेल.

वकीलीणबाई
उशीर पालिकांनी केला, शिक्षा विक्रेत्याला? आणि तो अडीच टक्क्यांचा आकडा कमाल मर्यादा म्हणून आहे, हाकलायचं निमित्त म्हणून नाही. पथकाचं म्हणाल तर जप्त मालाची यादी करून द्यायची असते. नाशवंत माल त्याच दिवशी परत, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत, दंड भरून. मी ज्या प्रकरणांत उभी राहिले त्यांतल्या निम्म्या लोकांना यादी म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं.

शेवचिवडा
कायदा, समिती, वारसा… सगळं मान्य. पण हे लोक दिवसभर जिथे बसतात तिथेच मागच्या बोळात घाण करतात, त्याचं कलम कितवं? संध्याकाळी नाक धरून जावं लागतं. आधी स्वच्छता शिकवा, मग प्रमाणपत्रं वाटा.

मंडईतली लेक
शेवचिवडा, तुमच्यासाठी खास खातं उघडलं, एवढा राग आला.

माझी आई रस्त्यावर बसून कानातली-गळ्यातली विकायची. त्यावर आम्ही दोघी बहिणी शिकलो. सकाळी घरून निघताना अर्धा कप चहा, मग रात्री घरी येईपर्यंत पाणी नाही. एप्रिलमध्येसुद्धा. का, ते तुम्हाला कळलं असेल. जवळचं स्वच्छतागृह लांब, तिथे जायचं तर माल कोणावर सोडायचा? शेजारची लक्ष ठेवायची, पण तेवढ्यात पथक आलं तर तिने दोन पथाऱ्या कशा उचलायच्या? आईला मूतखड्याचा त्रास झाला, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, 'पाणी भरपूर प्या.' आम्ही सगळे नुसते एकमेकांकडे बघत बसलो.

बोळात घाण करणारे पुरुष असतात. त्यांत विक्रेते असतात, रिक्षावाले असतात, गिऱ्हाईकही असतात. बायका करत नाहीत. बायका आजारी पडतात.

शेवचिवडा
माझा रोख बायकांकडे नव्हता. पण पैसे देऊन वापरायची स्वच्छतागृहं आहेत की.

मंडईतली लेक
आहेत. पुरुषांना लघवीला फुकट, बायकांना पाच रुपये. कारण विचारलं तर 'तुम्हाला दार लागतं'. दिवसातून तीनदा गेलं तर पंधरा रुपये. दहा रुपयांच्या पिनेवर किती सुटतात माहीत आहे? आणि रात्री आठला कुलूप.

वकीलीणबाई
मुंबईत 2011 पासून 'राइट टू पी' मोहीम चालली ती नेमकी याच पाच रुपयांवर आणि बायकांसाठीच्या अपुऱ्या मुताऱ्यांवर. पुण्यात जुन्या बसचं स्वच्छतागृह केलेली 'ती' बस आली, तेव्हा केवढं कौतुक झालं होतं. तशी एखादी बस मंडईपाशी कायम हवी होती.

बुधवारातला बोका
बस लावणार कुठे? पार्किंगच नाही!

विस्कॉन्सिनकर
मी अमेरिकेत मॅडिसनला राहतो, मूळचा सदाशिव पेठेतला. मूळ विषयाकडे येऊ का? इथे स्टेट स्ट्रीट आणि कॅपिटल चौकाच्या परिसरात खाण्याच्या गाड्यांच्या जागा लिलावाने देत नाहीत. दर वर्षी परीक्षण होतं. परीक्षक गाड्यांवर जाऊन खातात आणि गुण देतात : चव, गाडीची मांडणी, वेगळेपणा. जुन्या गाडीवाल्यांना ज्येष्ठतेचेही गुण. ज्याला जास्त गुण, त्याला आधी जागा निवडायला मिळते. माझ्या ऑफिससमोर त्यामुळे चार देशांचं जेवण मिळतं. पैशाऐवजी गुणवत्तेवर जागा, हा मधला मार्ग का नको?

शेवचिवडा
पुण्यात चवीला गुण? परीक्षक मंडळावर कोण, यावरूनच तीन वर्षं कोर्टकज्जा. निकाल लागेपर्यंत भेळ मऊ पडेल.

मोरपीस
विस्कॉन्सिनकर, पद्धत आवडली, पण ती खाण्याला चालते. टिकलीची चव कशी बघणार? लक्ष्मी रोडवर बहुतेक माल म्हणजे कपडे, कानातली, रुमाल, पिशव्या. वेगळेपणाचे गुण लावले तर पिना विकणारी पहिल्या फेरीत बाहेर आणि 'हस्तनिर्मित बोहो ज्वेलरी' आत. पिनेत काही वेगळं नसतं. ती दहा रुपयांना मिळते, यातच तिचं सगळं आलं. ज्येष्ठतेचे गुण मात्र उचलण्यासारखे आहेत.

मला काय हवंय ते सांगते, नाहीतर नुसतीच विरोधक म्हणाल. ज्येष्ठतेने पहिली यादी, उरलेल्या जागांच्या चिठ्ठ्या. चाकं असलेली गाडी, रात्री हलवायचीच. प्रमाणपत्रावरचा माणूस किंवा त्याच्या घरचं कोणीतरी गाडीवर हजर. सलग काही आठवडे परकाच माणूस दिसला तर जागा पुढच्याला. दुकानाच्या दाराची रुंदी मोकळी. पण दाराचीच हं, अख्ख्या शोकेसची नव्हे.

दुकानदाराचा धाकटा
आणि हे बघणार कोण? तुम्ही रोज येणार वही घेऊन?

दिल्लीच्या चांदनी चौकाकडे बघा. 2021 मध्ये एवढा खर्च करून रस्ता नवा केला, सकाळी 9 ते रात्री 9 मोटारींना बंदी, मुख्य रस्त्यावर फेरीवाल्यांनाही बंदी. मी खरेदीला दर वर्षी जातो. लाल दगडाच्या बाकांपासून खांबांपर्यंत सगळीकडे माल टांगलेला असतो. बंदी असून ही गत, तर तुमच्या चिठ्ठ्या काय करणार?

वकीलीणबाई
बंदी 'असून' नव्हे, बंदी 'म्हणून'. जागा आखून दिल्या असत्या तर आखलेल्या आणि न आखलेल्यांत फरक तरी करता आला असता.

मंडईतली लेक
एक विचारू? धाकटे, तुमच्या दुकानात पंधरा माणसं म्हणालात. त्यांत बायका किती आणि त्या कुठे जातात?

दुकानदाराचा धाकटा
नऊ. दुकानात मागे आहे आमच्याकडे. स्वच्छ आहे.

मंडईतली लेक
आणि साडी घ्यायला आलेल्या बाईने विचारलं तर?

दुकानदाराचा धाकटा
…घेणारी असेल तर देतो.

बुधवारातला बोका
किती हजारांच्या पुढे?

मंडईतली लेक
आणि समोर बसणारीने विचारलं तर?

दुकानदाराचा धाकटा
एका बाईला दिलं की रांग लागते. आमचं दुकान आहे, धर्मशाळा नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून साडीच्या दुकानदाराला शौचालयाचा ठेकेदार करून टाकलंत, अभिनंदन. पालिकेचं काम माझ्या गळ्यात कशाला?

शेवचिवडा
इथे मात्र धाकट्यांशी सहमत. पालिका रस्त्याचा दगड बदलायला पैसे काढते, मुतारीला नाही. आणि ताई, 'बायका आजारी पडतात' हे वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाहीये. माझं आधीचं वाक्य 'पुरुष घाण करतात' असं वाचावं. बोळ तरी घाणच आहे, ते मागे घेत नाही.

विस्कॉन्सिनकर
गाड्यांची वेळ वाटून देता येईल का? इंदूरच्या सराफ्यात दिवसा दागिने, दुकानं मिटली की रात्री त्याच ओट्यांवर खाणं. दुकानदारांचीही तक्रार मिटेल.

बुधवारातला बोका
रात्री? आमच्या खिडकीखाली? तुम्ही मॅडिसनलाच राहा.

दुकानदाराचा धाकटा
चला, तुमचं सगळ्यांचं समाधान करतो. लिलाव नको. टाका चिठ्ठ्या. ज्येष्ठतेची यादी लावा, माझ्या समोरचा आप्पा पहिला येईल, माझ्या लग्नाआधीपासून बसतोय. त्याच्याशी माझं भांडण नाहीच, तो दार सोडून बसतो. भांडण आहे ते दर दिवाळीला कुठून तरी उगवणाऱ्या पन्नास नव्यांशी. त्यांच्याबद्दल तुमच्या योजनेत एक ओळ दाखवा, मग बोलू.

मोरपीस
दिवाळीपुरते तात्पुरते परवाने, दिवस ठरवून, जागा आखून. ही घ्या ओळ. आणि आप्पांना स्वच्छतागृह वापरू द्या.

दुकानदाराचा धाकटा
आप्पाला लागत नाही. तो पुरुष आहे, तो मागच्या बोळात जातो.

बुधवारातला बोका
माझ्या बोळात!! आता मी दुसरा धागा काढतोय. विषय पार्किंग, मिनर्वा-आर्यनची वाहनतळं आणि मंडईला मेट्रो येऊनही लोक दुचाकीनेच का येतात. आप्पांचं तिथेच बघू.