मदत हवी आहे : बहीण बाळंतीण, दापोलीजवळच्या गावात, मी ठाण्यात

ऑगस्ट २०२०

नमस्कार. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, आंजर्ल्याच्या अलीकडे आमचं गाव. २० मे रोजी मुलगी झाली. चौदाव्या दिवशी निसर्ग वादळ. कौलं उडाली, ही लेकीला पोटाशी धरून माजघराच्या कोपऱ्यात. पुढे महिनाभर वीज नाही. कोरोनाच्या भीतीने शेकायला-माखायला कोणी आलं नाही. नवरा विरारला औषधाच्या दुकानात कामाला, त्याने मुलगी अजून फोनवरच बघितली आहे.

मुलगी आता अडीच महिन्यांची आहे. बहीण रडत नाही, उलट अगदी गप्प असते. पडवीत बसून वाडीत आडव्या पडलेल्या पोफळी मोजते. बाळ झोपलं तरी हिला झोप नाही. परवा फोनवर म्हणाली, "ताई, हिला उचलायची वेळ झाली की हात गार पडतात. तू घेऊन जा हिला, तुझ्याकडे नीट वाढेल." मला त्या रात्री झोप लागली नाही.

आई म्हणते, ओल्या अंगाला वारं लागलंय, गुरवाकरवी गाऱ्हाणं घातलंय, होईल बरी. गाऱ्हाण्याला माझी ना नाही, पण तेवढ्यावर थांबवत नाही. "आम्ही चौघं काढली, आम्हाला कुठे डिप्रेशन?" यावर काय बोलायचं? आणि गोळ्या सुरू झाल्या तर अंगावरचं दूध तोडावं लागतं का? आईची खरी भीती तीच आहे. मी निघायचं तर ई-पास आणि तिकडे क्वारंटाइन.

प्रतिसाद १
मी प्रसूती विभागात नर्स आहे. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं, ते दोनेक आठवड्यांत ओसरतं. अडीच महिने टिकलंय ते वेगळं. हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. एडिनबरो नावाची दहा प्रश्नांची यादी असते, गेल्या सात दिवसांबद्दल. पहिलाच प्रश्न हसू येतं का याचा, दहावा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तो दहावा आजच, सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने डोक्यात भरत नाही. उत्तर 'हो' आलं, किंवा भास होताहेत, बाळाबद्दल भलतंसलतं बोलतेय असं वाटलं, तर फोनाफोनी करत बसू नका. त्याच दिवशी गाडी करून दवाखान्यात न्या आणि तोवर दोघींना एकटं ठेवू नका.

दुधाबद्दल : सर्ट्रालीनसारखं औषध दुधात फार थोडं उतरतं, त्यासाठी सहसा दूध तोडावं लागत नाही. कोणतं द्यायचं ते मात्र डॉक्टरच ठरवतील. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. थायरॉइड बिघडला तरी बाळंतीण अशीच दिसते.

प्रतिसाद २
मार्चपासून डॉक्टरांना व्हिडिओवर तपासण्याची रीतसर नियमावली आहे. रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नाव ऐकून आई दचकेल, तिथे बाह्यरुग्ण विभागही असतो हे आधी सांगा. माझ्या सासूबाईंना 'मनाचा डॉक्टर' चालला नसता, 'झोपेचा डॉक्टर' चालला. खोटं नव्हतं ते, झोप नव्हतीच.

प्रतिसाद ३
मुलगी झाली म्हणून तर नाराज नाही ना?

धागाकर्ती
नाही हो. नाव तिने सातव्या महिन्यातच ठरवलं होतं, मुलीचंच.

धागाकर्ती, बारा दिवसांनी
दहावा प्रश्न विचारला. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "विहिरीकडे जायला नको वाटतं." त्याच दुपारी शेजारच्या दादाने रिक्षा काढली. डॉक्टरांनी दापोलीतच बघितलं, पुढचं व्हिडिओवर. रेंज फक्त खळ्यातल्या आंब्याखाली, म्हणून खुर्ची तिथे नेली. थायरॉइड ठीक, रक्त कमी. गोळी सुरू आहे, असर यायला काही आठवडे लागतील म्हणाले. गोळ्या आईच्या ताब्यात, ओव्याच्या डब्याशेजारी. रात्री एक वेळ बाळाला काढलेलं दूध पाजते आईच, म्हणजे हिला सलग पाच तास मिळतात. तेवढ्याने फरक दिसतोय.

पोफळी अजून मोजते. पण काल मला म्हणाली, आईने पोह्यात मीठच घातलं नव्हतं.

गोळी किती दिवस?

प्रतिसाद १
बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने. आणि मनाने बंद करू देऊ नका, मीठ बरोबर लागलं तरी.

धागाकर्ती, नोव्हेंबर २०२२
कुणी शोधत इथे आलं तर : गेल्या महिन्यापासून सरकारचं टेलिमानस सुरू झालंय, १४४१६, चोवीस तास, फुकट. आमच्या वेळी नव्हतं.